चौरस फुटांचा हिशोब : प्रस्तावना

स्कायडायव्हिंग करतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘पॅराशूट उघडलंच नाही तर?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, डेक्कन क्वीनमध्ये विचारतात, विम्याचा एजंट तर हातातलं पेन खाली ठेवून विचारतो. उत्तर अवघड नाही. पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूटने दगा देण्याचा प्रसंग साधारण हजार उड्यांमागे एकदा येतो, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. तसं झालं की ते सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह उघडायचं. बहुतेक जण त्यानंतर आपल्या पायांनी चालत येतात आणि रिझर्व्ह पॅक करणाऱ्या रिगरला, या खेळातल्या रिवाजाप्रमाणे, एक बाटली भेट देतात.

ज्या प्रश्नाची मी वाट बघतो, तो मात्र कुणी विचारत नाही. पॅराशूट वेळेवर उघडलं, नीट भरलं, एकही दोरी अडकली नाही, आणि तरी माणूस स्ट्रेचरवरून कसा गेला? अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचे, म्हणजे यूएसपीएचे, वर्षावर्षाचे अपघात-अहवाल वाचत गेलं की हे प्रकरण पुन्हा पुन्हा समोर येतं. कॅनॉपी, म्हणजे डोक्यावर उघडणारं कापड, धडधाकट, हवामान बरं, उडी मारणारा अनुभवी; जमीन शंभर फुटांवर आली असताना त्याने एक वळण घेतलं. एवढंच.

हे पुस्तक त्या वळणाबद्दल आहे. म्हणजे वळण घेणारा हात, तो हात ज्या कॅनॉपीला जोडलेला आहे तिचा आकार, आणि तो आकार ज्या दिवशी दुकानात पसंत केला तो दिवस, या तिन्हींबद्दल. साधनांची ओळख यात आहेच, पण पुस्तकाचा मुद्दा निवडीचा आहे. स्कायडायव्हर हवेत फार थोडे निर्णय घेतो. तिथे वेळच नसतो. बहुतेक निर्णय त्याने आधीच घेऊन टाकलेले असतात : उधारीवर रिग, म्हणजे पट्टे-पिशवी-पॅराशूट असा सगळा संच, घेताना, पट्टा आवळताना, विमानात चढायचं की नाही हे ठरवताना. हवेत त्यांचा फक्त निकाल लागतो.

आकडे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 1970 च्या दशकात दरवर्षी चाळीसच्या आसपास स्कायडायव्हर मरत. 2023 साली 10 जण मेले, आणि त्या वर्षी तिथे 36 लाखांहून अधिक उड्या झाल्या. एवढी सुधारणा फार थोड्या धाडसी खेळांच्या वाट्याला आली असेल. तिच्यामागे कापड आहे, शिलाई आहे, एक इवलासा इलेक्ट्रॉनिक डबा आहे आणि कपड्याच्या तीन बटणांएवढ्या सोप्या दिसणाऱ्या तीन कड्या आहेत. त्या सगळ्यांकडे येतोच. पण आधी थोडं मागे जाऊ.

28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटनजवळ, मॅककुक फील्डवर, लेस्ली अर्विन नावाच्या तरुणाने विमानातून उडी घेतली, काही क्षण मोकळा पडला आणि मग स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडलं. विमानाला न बांधलेलं पॅराशूट, हवेत पडता पडता माणसाने स्वतः उघडायचं, ही कल्पना तोवर अनेकांना वेडेपणाची वाटे. पडताना माणूस शुद्धीवर राहील का, त्याचा हात हलेल का, अशाही शंका होत्या. अर्विन शुद्धीवर राहिला, हात हलला, पॅराशूट उघडलं. आणि उतरताना त्याच्या पायाचा घोटा मोडला. या खेळाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास त्या एका उडीत आहे, असं मला नेहमी वाटतं : उघडण्याचा प्रश्न सुटला, उतरण्याचा उरला.

त्या काळचं पॅराशूट गोल. वारा नेईल तिकडे जायचं आणि धप्पकन आपटायचं. फौजांनी ते दशकानुदशकं वापरलं, कारण त्यात शिपायाला ठरवण्यासारखं काही नसे. 11 डिसेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ आपली 2 पॅरा बटालियन उतरली. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांमध्ये त्या उडीची आठवण आहे. त्या जवानांच्या पॅराशूटची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली होती. दारातून पाऊल टाकलं की पट्टी ताणली जाते आणि पॅराशूट आपसूक बाहेर ओढलं जातं. कुठलं पॅराशूट, किती उंचीवरून, कोणत्या वाऱ्यात, हे सगळं वरून ठरून येतं. शिपायाने दार सोडायचं, पाय जुळवून ठेवायचे आणि जमिनीवर लोळण घ्यायची.

खेळात वरून काही ठरून येत नाही. इथे माणूस गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाला निवड असते. ती नीट करता येणं हा आता या खेळातला सगळ्यात मोठा कस आहे.

गोल पॅराशूटची जागा 1970 च्या दशकात चौकोनी, कप्प्याकप्प्यांच्या कॅनॉपीने घेतली. डोमिना जालबर्ट या पतंग-फुगे बनवणाऱ्या अमेरिकी माणसाच्या कल्पनेतून ती आली. पुढच्या तोंडातून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख तयार होतो. तो पुढे उडतो, दोन्ही हातांतल्या टॉगलने, म्हणजे वळवण्याच्या दोऱ्यांच्या मुठींनी, वळतो आणि जमिनीजवळ दोन्ही टॉगल एकदम खाली ओढले की वेग मोडतो. याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर बरोबर वेळी साधला तर माणूस जिना उतरल्यासारखा उतरतो. गोल पॅराशूटखाली मोडायचा तो घोटा होता. इथे फ्लेअर चुकला तर मांडी मोडते, कंबर मोडते. पंख मिळाला, पंखाबरोबर वेग आला, आणि वेगाबरोबर हौस.

हौसेचं माप चौरस फुटांत असतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला चौरस फूट म्हटलं की फ्लॅट आठवतो, आणि फ्लॅटच्या बाबतीत जितके जास्त तितकी प्रतिष्ठा अधिक. ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, नेमकं उलटं. तिथे लहान आकड्याला मान. शिकाऊ उमेदवाराच्या पाठीवर 230 किंवा त्याहून मोठी कॅनॉपी असते, आणि ती बघून कुणी मागे वळून पाहत नाही. 120 वाला उतरताना गवताला पाय घासत पन्नास-साठ मीटर सरकत जातो. लोक फोन बाहेर काढतात. नवख्या माणसाला कुणी ‘लहान घे’ असं सांगत नाही. त्याला ते दिसतं.

म्हणून हिशोब एकदा नीट मांडून बघू. माणसाचं वजन 75 किलो. रिग, हेल्मेट, बूट, कपडे मिळून 11 किलो धरा. एकूण 86 किलो, म्हणजे 190 पौंड. पौंड अशासाठी की सगळं शास्त्र अमेरिकी मापांत लिहिलेलं आहे. आता या वजनाला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागा. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. 230 ची कॅनॉपी असेल तर 0.83. 190 ची असेल तर बरोबर 1. 150 घेतली तर 1.27. 135 वर गेलात तर 1.4 च्या पुढे. नवख्याने 1 च्या वर जाऊ नये, हा जगभर शिकवला जाणारा ढोबळ नियम आहे. कागदावर 0.83 आणि 1.4 यांत फारसं अंतर दिसत नाही. हवेत दिसतं. आकडा वाढतो तशी कॅनॉपी जोरात उडते, टॉगलला लगेच दाद देते, वळणात कितीतरी जास्त उंची खाते आणि सरळ व्हायला जास्त जागा मागते.

अपघात घडतो तो असा. माणूस वाऱ्याच्या तोंडावर उतरायच्या तयारीत आहे. अचानक लक्षात येतं की वारा फिरला, किंवा समोर कुंपण आहे, किंवा दुसरा कुणीतरी आडवा आला. तो दचकून एक टॉगल खाली खेचतो. कॅनॉपी एका बाजूला कलते, माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो आणि दोघंही जमिनीकडे झेपावतात. हे हजार फुटांवर झालं तर मजा. शंभर फुटांवर झालं तर कॅनॉपीला परत डोक्यावर यायला वेळ उरत नाही. 230 ची कॅनॉपी अशा चुकीला बऱ्याचदा माफ करते. 135 ची करत नाही. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेने का होईना, पण पंख सपाट ठेवून सरळ उतरणं, फ्लेअर करणं आणि लोळण घेणं हे वळणापेक्षा केव्हाही बरं. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. तरी पुस्तकात मी त्यावर एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे, कारण ते ऐकलेलं असणं आणि त्या दोन सेकंदांत हाताला आठवणं यांच्यात खूप सराव लागतो.

इथे एक गोष्ट विशेषतः मुलींसाठी. विंग लोडिंगचा भागाकार सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. 50 किलोच्या मुलीचं सामानासकट वजन 60 किलो, म्हणजे 132 पौंड होतं. तिने 135 ची कॅनॉपी घेतली तर आकडा 1 च्या आतच येतो आणि विकणारा म्हणतो, ‘बघा, नियमात बसतं.’ पण लहान कॅनॉपीच्या दोऱ्याही आखूड असतात आणि ती मुळातच चपळ असते. तोच 1 चा आकडा 190 च्या कॅनॉपीखाली शांत वागतो आणि 135 खाली उसळतो. हलक्या वजनाच्या माणसाने आकड्यापेक्षा आकार बघावा. 170, 150 अशी पायरी पायरीने, प्रत्येक पायरीवर भरपूर उड्या घेऊनच खाली यावं. घाई कुणाला आहे?

हवाही हिशोबात धरावी लागते. कॅनॉपीला पातळ हवेत जास्त वेगाने उडावं लागतं. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत तिथली हवा आणखी विरळ होते. गोव्याच्या किनाऱ्यावर ओळखीची वाटणारी कॅनॉपी दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात थोडी जोरात आपटते, आणि दोष फ्लेअरला दिला जातो. फार उंचावर तर हा फरक डोळ्यांत भरतो. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उडी घेतली. हिमालयात पाच हजार मीटरच्या वर जिथे पाय टेकायचे, तिथे तीच कॅनॉपी किनाऱ्यावरच्यापेक्षा तीसेक टक्के जास्त वेगाने जमिनीवर येते. अशा ठिकाणी कॅनॉपी मोठीच हवी.

शीतलताईंचं नाव निघालंच आहे तर आणखी थोडं. पुण्याच्या या बाईंनी 2004 मध्ये पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, 2006 मध्ये दक्षिण ध्रुवावर मारली, 2011 मध्ये पद्मश्री मिळवली. मराठी घरांत स्कायडायव्हिंग हा शब्द पोचला तो बराचसा त्यांच्यामुळे. (बाकीचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मुळे; त्या सिनेमातल्या उड्या स्पेनमध्ये एम्पुरियाब्रावाला चित्रित झाल्या आणि तेव्हापासून तिथे टँडेमसाठी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायच्या उडीसाठी, जाणाऱ्या मराठी हनिमूनवाल्यांची कमतरता नाही.) 2018 मध्ये शीतलताईंनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली. त्या फोटोंवर वाहवा झाली. मला मात्र त्यात एक अगदी व्यावहारिक प्रश्न दिसला : ताशी 190 किलोमीटरच्या वाऱ्यात कापडाचं एकही टोक सुटं राहून चालत नाही. उजव्या छातीवर मुख्य पॅराशूट सोडण्याचं हँडल असतं, डाव्या छातीवर रिझर्व्हचं. पदर त्यांच्यावर आला की हात हँडल शोधत बसतो. नऊवारीला काष्टा असतो हे सोयीचंच. बाकीचं सगळं नीट बंदोबस्त करूनच नेसावं लागतं. हीच गोष्ट ढगळ हुडीची, कॅमेऱ्याच्या वायरीची, गळ्यातल्या चेनची. कपड्यांवर पुस्तकात तीन पानं आहेत. त्यांना फॅशनचा सल्ला समजू नये.

आता तीन कड्या. पूर्वी मुख्य पॅराशूट सोडायचं तर दोन खांद्यांवरचे दोन खटके वेगवेगळे उघडावे लागत, तेही गरगर फिरत असताना. बिल बूथ या अमेरिकी माणसाने 1970 च्या दशकात एकात एक अडकणाऱ्या तीन कड्यांची रचना काढली. मोठी कडी, तिच्यातून मधली, मधलीतून धाकटी, आणि धाकटीला धरून ठेवणारं बारीकसं दोरीचं वेटोळं. प्रत्येक कडीवर भार कमी कमी होत जातो आणि वेटोळ्यावर येतो तो अगदी थोडा. एक हँडल ओढलं की वेटोळ्यातली केबल सरकते आणि दोन्ही खांदे एकदम मोकळे होतात. ही रचना मी डोळे मिटून चांगली म्हणेन, एका अटीवर : कड्या जिथे शिवलेल्या असतात त्या पट्ट्यांचं कापड दर महिन्याला हाताने चुरगाळून मऊ ठेवा आणि केबल पुसून घ्या. तीन कड्या वर्षभर हलवल्याच नाहीत तर पट्ट्यांना घड्यांची आठवण राहते आणि ऐन वेळी त्या रेंगाळतात. हे काम पाच मिनिटांचं आहे. करणारे थोडे.

याच बूथचा एक सिद्धांत स्कायडायव्हरांच्या तोंडी असतो. साधनं जसजशी सुरक्षित होतात तसतसे लोक जास्त धोके पत्करतात आणि मरणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच राहतं, असा त्याचा आशय. वर दिलेले आकडे बघता तो शब्दशः खरा ठरलेला नाही. माणसं खरोखर कमी मरतात. पण मरण्याची कारणं बदलली, हे त्याने बरोबर हेरलं होतं. न उघडलेल्या पॅराशूटची जागा छोट्या, वेगवान, नीट उघडलेल्या पॅराशूटने घेतली.

इलेक्ट्रॉनिक डब्याचीही तीच कथा. जर्मनीतल्या हेल्मुट क्लॉट यांनी 1991 मध्ये सायप्रस नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते रिझर्व्हच्या कप्प्यात बसतं आणि हवेच्या दाबावरून उंची व वेग मोजत राहतं. माणूस साधारण 750 फुटांवर आला आणि अजून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगाने पडतोय असं दिसलं की ते एका छोट्या स्फोटाने रिझर्व्ह बांधून ठेवणारं वेटोळं कापतं. बेशुद्ध झालेल्या, टक्कर झालेल्या, उंचीचं भान सुटलेल्या कितीतरी माणसांना त्याने घरी पाठवलं आहे. पण 750 फूट म्हणजे किती? पूर्ण वेगाने मोकळं पडणाऱ्यापासून जमीन साडेचार सेकंदांच्या आत असते. एवढ्यात रिझर्व्ह उघडतं, बहुधा. यंत्रावर भिस्त ठेवून उंचीकडे काणाडोळा करणारा माणूस त्या ‘बहुधा’वर आयुष्य लावत असतो. शिवाय, मुख्य पॅराशूट उघडलेलं असताना केलेल्या खालच्या वळणात हे यंत्र काहीही करत नाही. त्याचं ते कामच नाही.

म्हणून उंचीचे आकडे पाठ हवेत, आणि तेही विमानात चढण्याआधी. यूएसपीएच्या शिफारशींप्रमाणे शिकाऊ आणि ए, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परवानाधारकाने पॅराशूट सोडायचं की ठेवायचं याचा निर्णय 2,500 फुटांवर घेऊन टाकायचा. त्यावरच्या परवान्यांसाठी ही मर्यादा 1,800 फूट. त्याच्या खाली नवा निर्णय नाही. मोकळं पडताना हजार फूट सहा सेकंदांच्या आत संपतात. ‘अजून एक झटका देऊन बघतो’ म्हणणाऱ्याकडे ते सेकंद नसतात. हा नियम मला या खेळातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो, कारण तो माणसाच्या आशावादावर विश्वास ठेवत नाही.

आरएसएलबद्दल ड्रॉप झोनवर वाद घालण्यात लोक अख्खी संध्याकाळ घालवतात. मुख्य पॅराशूटच्या पट्टीपासून रिझर्व्हच्या पिनेपर्यंत जाणारी ही एक फीत. मुख्य सुटलं की जाता जाता ते रिझर्व्हची पिन ओढून जातं. विरोधकांचं म्हणणं, गरगर फिरत असताना सोडलं तर रिझर्व्ह वाकड्यातिकड्या स्थितीत उघडेल आणि दोऱ्यांना पीळ बसतील. हे घडू शकतं. पण मुख्य सोडलं आणि रिझर्व्हचं हँडल ओढायला उशीर झाला, हेही घडतं, आणि पीळ बसलेलं रिझर्व्ह न उघडलेल्या रिझर्व्हपेक्षा मला पसंत आहे. आता तर सुटलेल्या मुख्य पॅराशूटच्याच ओढीने रिझर्व्ह बाहेर खेचणाऱ्या, स्कायहुकसारख्या, रचना मिळतात आणि विरोधाची धार बोथट झाली आहे. अनुभवी कॅमेरामनची कारणं वेगळी असतील. नवख्याने फीत काढू नये. हे माझं ठाम मत आहे.

कॅमेऱ्याचं नाव काढलं आणि 1988 सालचा तो प्रसंग आठवला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये आठशेहून अधिक उड्या झालेल्या एका स्कायडायव्हरने प्रशिक्षक आणि शिकाऊ यांच्या जोडीचं चित्रण करायला विमानातून उडी घेतली. पाठीवर चित्रीकरणाचं ओझं होतं. पॅराशूट नव्हतं. तो घालायचंच विसरला होता, आणि विमानातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आज कॅमेरा अगदी हलका झाला आहे म्हणून लोकांना वाटतं, त्यात काय! ओझं कमी झालं. लक्ष मात्र तेवढंच जातं. यूएसपीए 200 उड्यांआधी कॅमेरा नको म्हणते ते याचसाठी. नव्याने शिकणाऱ्यांचे पालक मला विचारतात की व्हिडिओ नाही तर मग एवढा खर्च कशासाठी. काय उत्तर देणार?

खर्चाचंही बोलायला हवं, कारण बरेच चुकीचे निर्णय तिथून सुरू होतात. नवी रिग, म्हणजे हार्नेस-कंटेनर (पट्टे आणि पिशवी), मुख्य, रिझर्व्ह आणि ते इलेक्ट्रॉनिक यंत्र, आठ-नऊ लाखांच्या घरात जाते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पगाराला असतं. म्हणून आपल्याकडचे बहुतेक जण वापरलेली रिग घेतात. त्यात गैर काहीच नाही. गैर हे की परदेशातून कुणीतरी स्वस्तात मिळतेय म्हणून पाठवतो, आणि ती स्वस्त असते कारण कॅनॉपी 135 ची असते. घेणाऱ्याला हवी असते 210. मग तो मनाची समजूत घालतो की आपण लवकरच तिच्या लायकीचे होऊ. वापरलेली रिग घेताना पैसे देण्याआधी ती रिगरच्या टेबलावर उघडून बघा. यंत्राचं आयुर्मान किती उरलं, दोऱ्या घर्षणाने आकसून एका बाजूला आखूड झाल्यात का, मुख्य पॅराशूट बाहेर खेचणाऱ्या छोट्या पायलट च्यूटचं कापड हवा धरतं का. आणि वेटोळं. कंटेनर बंद ठेवणारं ते बोटभर लांबीचं दोरीचं वेटोळं. बोटांत धरून उजेडाकडे करा. धागे पिंजल्यासारखे उभे राहिले असतील तर बदला. त्याची किंमत एका वडापावाएवढीही नाही, आणि ते विमानाच्या दारात तुटलं तर पॅराशूट शेपटीला अडकून सगळ्या विमानाचा जीव धोक्यात येतो.

रिझर्व्ह निवडताना लोक कंजूषपणा करतात, तो पैशाचा नसून आकाराचा. पाठीवरची पिशवी सुबक दिसावी म्हणून लहान रिझर्व्ह. पण रिझर्व्ह कधी उघडतं? गोंधळात, कमी उंचीवर, अनोळखी शेतावर, कधी माणूस बेशुद्ध असताना. टॉगल ओढायला हात नसेल तेव्हाही हाडं शाबूत ठेवून खाली आणणारी कॅनॉपी हवी. मोठी घ्या. पिशवी थोडी फुगलेली दिसली तर दिसू दे.

राहिला शेवटचा निर्णय, जो कुठल्याच दुकानात मिळत नाही : आज उडी मारायची नाही. हरियाणात नारनौलला पहाटेच्या गाडीने पोचलेला पुण्याचा मुलगा, रजा टाकून आलेला, पैसे भरलेले, आणि वाऱ्याचा मोजा फडफडतोय. शिकाऊ उमेदवारासाठी यूएसपीएची मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटर. वारा 16 मैलांवर आहे. शेजारचे परवानाधारक चढतायत, त्यांच्यासाठी ती मर्यादा नाही. प्रशिक्षक ‘थांब’ म्हणाला तर प्रश्न मिटतो. तुम्ही स्वतः परवानाधारक झालात की तसं म्हणणारा कुणी राहत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी मोकळ्या रानात वावटळी उठतात. धुळीचा तो खांब कॅनॉपीला सापडला तर तिचे कप्पे क्षणात मिटतात. त्या वेळी झाडाखाली बसून उसाचा रस पिणारे म्हातारे स्कायडायव्हर तुम्हाला दिसतील. त्यांना भित्रे म्हणायची चूक करू नका. ते म्हातारे झाले आहेत, हे लक्षात घ्या.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे वाचून कुणाला उडी मारता येणार नाही आणि कुणी तसा प्रयत्न करू नये. प्रशिक्षण मैदानावरच घ्यावं लागतं, हार्नेसमध्ये लटकून, हँडल ओढून ओढून. टँडेमसाठी जाणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणं वाचली तरी पुरे. तिथे रिग निवडण्याचं काम प्रशिक्षकाचं असतं, तुमचं काम आपलं वजन खरं सांगण्याचं. ज्यांच्याकडे स्वतःची रिग आहे त्यांनी मात्र सगळं वाचावं, आणि कॅनॉपीच्या आकाराचं प्रकरण आपल्याहून अनुभवी माणसाबरोबर बसून वाचावं. कंपन्यांची आणि मॉडेलांची शिफारस मुद्दाम टाळली आहे. ती दोन वर्षांत शिळी होते, आणि तोवर वाचणाऱ्याचं वजनही बदललेलं असतं.

आणि एक विनंती. पान उलटण्याआधी कपाटातली रिग काढा आणि रिझर्व्हचं पॅकिंग कार्ड बघा. अमेरिकेत रिझर्व्ह दर 180 दिवसांनी परवानाधारक रिगरने उघडून, तपासून, पुन्हा पॅक करून सीलबंद करायचं असतं. तुमच्या देशात, तुमच्या ड्रॉप झोनवर जी मुदत असेल ती. कार्डावरची तारीख उलटून गेली असेल तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी रिगरला फोन करा.